रोविन्यच्या कॅम्पातून मुलं आणि आजी-आजोबांसह कुठे जावं, कधी जावं, काय सोडावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैच्या शेवटी म्युनिकहून गाडीने क्रोएशियातल्या इस्ट्रियाला जायचं, रोविन्यजवळच्या समुद्रकाठच्या कॅम्पात दहा रात्री राहायचं. एक मोबाइल होम आणि शेजारी तंबूची एक जागा घेतली आहे. सोबत पाच वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून आलेले आई-बाबा. बाबांचे गुडघे दुखतात, आई पूर्ण शाकाहारी. यादीत व्हेनिस, प्लिट्विसची तळी, पुला, ब्रियुनी बेटं, मोतोवुन, पोरेच, एक गुहा, वॉटरपार्क आणि डॉल्फिनची बोट. यातलं काय ठेवायचं आणि कुठल्या दिवशी काय करायचं?

मी दर उन्हाळ्यात मराठी कुटुंबांना घेऊन याच किनाऱ्यावर जाते, त्यामुळे यादीबद्दल माझी मतं ठाम आहेत. व्हेनिस आणि प्लिट्विस काढून टाका. उरलेल्यांपैकी चार-पाच ठेवा. आणि कुठल्या दिवशी काय, हे म्युनिकमध्ये बसून ठरवू नका. तिथे पोचल्यावर आदल्या संध्याकाळी वारा आणि उद्याचं ऊन बघून ठरवा. एड्रियाटिकच्या किनाऱ्यावर सहलीचा दिवस बिघडतो तो बहुधा चुकीच्या ठिकाणामुळे नाही, चुकीच्या वेळेमुळे.

आधी वाऱ्याचं सांगते, कारण तंबूत राहणाऱ्याला ते कळलंच पाहिजे. उन्हाळ्यात नेहमीचा वारा म्हणजे मायेस्त्राल. आपल्या कोकणात दुपारी खारे वारे सुटतात तसाच हा. सकाळी समुद्र आरशासारखा, अकरा-बाराच्या सुमारास वायव्येकडून वारा सुरू, दुपारी चांगला खेळता, सूर्य कलला की शांत. हा चांगल्या हवेचा वारा. म्हणून मुलांचं स्नॉर्केलिंग, पॅडलबोर्ड, लहान बोट हे सगळं सकाळी. दुपारी रबरी गादीवर मुलांना सोडू नका, गादी कुठल्या कुठे जाते.

दुसरा युगो. आग्नेयेकडून येतो, दमट, उबदार, ढग आणि पाऊस घेऊन. हा हळूहळू वाढतो, दोन-तीन दिवस टिकतो आणि लाटा उसळवतो. युगो लागला की दक्षिणेकडे उघडा असलेला किनारा टाळायचा आणि शहरं, गुहा, मत्स्यालय असा बेत करायचा.

तिसरा बुरा. ईशान्येकडून, डोंगरावरून खाली कोसळणारा, कोरडा, थंड आणि झटक्याझटक्याने येणारा. त्याचा खरा जोर हिवाळ्यात आणि इस्ट्रियाच्या पूर्वेचं क्वार्नेर आखात व वेलेबित डोंगररांग यांच्या बाजूला. इस्ट्रियाच्या पश्चिम किनाऱ्यावर तो जरा सौम्य होऊन पोचतो, पण उन्हाळ्यातही एखादा दिवस येतो. किनाऱ्याजवळ पाणी सपाट दिसतं, कारण वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि म्हणूनच तो लहान मुलांसाठी सगळ्यात धोक्याचा. तरंगणारी कुठलीही वस्तू तो उघड्या समुद्राकडे नेतो. बुराच्या दिवशी फुगवायचं सगळं सामान गाडीत बंद. त्या दिवशीची हवा मात्र इतकी स्वच्छ असते की टेकडीवरच्या गावांतून लांबवरचे डोंगर दिसतात; मोतोवुन त्या दिवसासाठी राखून ठेवा.

याशिवाय उन्हाळी वादळ, ज्याला तिथले लोक नेव्हेरा म्हणतात. तापलेल्या दिवसानंतर अर्ध्या तासात आकाश काळं होतं, वारा, विजा, कधी गारा, आणि तासाभरात पुन्हा मोकळं. सहलीला निघताना तंबूपुढचा मांडव गुंडाळून बांधून जा. तुम्ही वीस मैलांवर असताना उघडा मांडव उडाला तर शेजाऱ्याच्या तंबूवर पडतो. क्रोएशियाच्या हवामान खात्याचा अंदाज रोज रात्री बघा. त्यांचा सागरी अंदाज इंग्रजीतही मिळतो.

आता उन्हाचं घड्याळ. जुलैच्या शेवटी तिथे साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि सूर्य साडेआठ-पावणेनऊला मावळतो. मधला बारा ते पाचचा वेळ दगडी शहरात काढायचा नाही. पांढऱ्या चुनखडीचे रस्ते आणि भिंती ऊन परत फेकतात. पाच वर्षांचं मूल तासाभरात गळून जातं आणि सत्तरीतल्या माणसाला चक्कर येते. म्हणून सहलीचे दोनच प्रकार करा. एक, साडेसातला निघून एकच्या आत परत. दोन, पाचनंतर निघून रात्री दहाला परत. दुपार कायम पाईनच्या सावलीत, जेवण आणि झोप. एक दिवस बाहेर, एक दिवस कॅम्पात, असा क्रम ठेवलात तर आई-बाबांनाही समुद्र मिळतो. पहिले दोन दिवस तर कुठेच जाऊ नका. म्युनिकपासून साडेपाचशे किलोमीटरचा प्रवास झालेला असतो, मुलांना कॅम्प ओळखीचा व्हायला वेळ लागतो.

यादीतलं एकच ठिकाण करायचं म्हटलं तर मी ब्रियुनी म्हणेन, आणि तुमच्या घरात तीन पिढ्या आहेत म्हणून जास्तच आग्रहाने म्हणेन. रोविन्यहून फाझाना हे बंदराचं गाव गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. तिथून राष्ट्रीय उद्यानाची बोट पंधरा मिनिटांत मोठ्या ब्रियुनीवर पोचवते. एकूण चौदा बेटं, 1983 पासून राष्ट्रीय उद्यान. जुलै-ऑगस्टमध्ये आदल्या दिवशी किंवा त्याआधी वेळ राखून ठेवा. सकाळची पहिली किंवा दुसरी फेरी घ्या. माहितीसह फिरायचं तिकीट घेतलंत तर छोटी पर्यटक-गाडी बेटभर फिरवते, बाबांना चालावं लागत नाही. मुलगी मोठी आहे, तिला सायकल भाड्याने घेऊन तुमच्यापैकी एकाबरोबर वेगळं फिरू द्या. बेटावर खाजगी मोटारी नाहीत, त्यामुळे सायकल शिकलेल्या मुलांसाठी यापेक्षा निर्धास्त जागा मी पाहिलेली नाही.

मुलाला डायनासोरच्या पावलांचे ठसे दाखवा. समुद्रकाठच्या खडकात क्रेटेशियस, म्हणजे डायनासोर-युगाच्या शेवटच्या काळातले खरेखुरे ठसे आहेत. तिरप्या उन्हात ते चांगले दिसतात, डोक्यावरच्या उन्हात नुसते खळगे वाटतात.

आणि बाबांसाठी ब्रियुनीचं वेगळंच महत्त्व आहे. युगोस्लाव्हियाचे नेते मार्शल टिटो यांचं उन्हाळी निवासस्थान इथे होतं. 19 जुलै 1956 रोजी टिटो, नेहरू आणि इजिप्तचे नासर यांनी याच बेटावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. पुढे 1961 साली बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. ज्या पिढीने अलिप्ततावाद शाळेत आणि वर्तमानपत्रात वाचला, त्यांना त्या झाडांखाली उभं राहून काय वाटतं ते मी दर वर्षी बघते. देशोदेशीच्या नेत्यांनी टिटोंना भेट दिलेले प्राणी इथल्या सफारी पार्कात ठेवले गेले. इंदिरा गांधींनी दिलेले सोनी आणि लंका हे हत्ती त्यातलेच. सोनी 2010 साली गेला, लंका मागे राहिली. वशिंडाची झेबू गुरंही तिथे आहेत. साताऱ्याच्या माणसाला एड्रियाटिकच्या बेटावर वशिंडाची गाय दिसणं ही फार मोठी गोष्ट असते, तिथे गाडी थांबली की घाई करू नका.

आणखी एक गोष्ट बाबांना सांगा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही बेटं मलेरियाने ओसाड होती. 1893 साली पाउल कुपेलवीझर या ऑस्ट्रियन उद्योजकाने ती विकत घेतली आणि मलेरिया हटवायला थेट रॉबर्ट कॉख यांना बोलावलं. क्षयाचा जंतू शोधणारे तेच कॉख. त्यांनी रहिवाशांची रक्ततपासणी करून क्विनीनचे उपचार केले आणि मग इथे उच्चभ्रूंचं विश्रामस्थळ उभं राहिलं. फलक वाचत बसायची गरज नाही, बोटीत बसल्यावर एवढं सांगितलं तरी बेट डोळ्यांना वेगळं दिसतं.

बेटावर खाणं महाग आणि मोजकं. पोळीची गुंडाळी, फळं आणि भरपूर पाणी बरोबर न्या. बाराच्या सुमाराची परतीची बोट पकडली की फाझानाच्या धक्क्यावर आईस्क्रीम आणि मग झोपायला कॅम्प.

पुला संध्याकाळी करा. रोविन्यहून पाऊण तास. तिथलं रोमन अँफिथिएटर, ज्याला सगळे अरेना म्हणतात, पहिल्या शतकातलं. सम्राट व्हेस्पेशियनच्या काळात ते आजच्या आकाराला आलं. लंबवर्तुळ सुमारे 132 मीटर लांब आणि 105 मीटर रुंद, समुद्राच्या बाजूची भिंत 32 मीटर उंच. चारही बाजूंचे मनोरे टिकलेलं असं दुसरं रोमन अँफिथिएटर नाही. सोळाव्या शतकात व्हेनिसच्या सिनेटमध्ये हे दगड-दगड उचलून व्हेनिसला नेऊन उभारायचा विचार निघाला होता. गाब्रिएले एमो या सिनेटरने विरोध केला म्हणून ते वाचलं. त्याच्या नावाचा दगडी फलक भिंतीवर आहे, मुलीला तो शोधायला लावा. आत अर्धा-पाऊण तास पुरतो. तळघरात जैतुनाचं तेल आणि वाईन साठवायचे प्राचीन कुंभ मांडलेत, तिथे गारवाही असतो. जुलैमध्ये तिथे चित्रपट महोत्सव आणि नंतर संगीताचे कार्यक्रम असतात, त्या दिवशी प्रवेश लवकर बंद होतो. निघण्यापूर्वी वेळ तपासा.

अरेनातून बाहेर पडून सावकाश चालत सेर्गियांची रोमन कमान आणि मग फोरमच्या चौकात ऑगस्टसचं देऊळ. बाबांना चालणं जास्त वाटलं तर चौकातल्या खुर्चीत बसू द्या. तिथून देऊळ समोरच दिसतं. अंधार पडला की उल्यानिक या जुन्या जहाजबांधणी कारखान्याचे प्रचंड क्रेन रंगीत दिव्यांनी उजळतात. हा कारखाना 1856 चा, ऑस्ट्रियन आरमाराच्या काळातला. पाच वर्षांच्या मुलाला अरेनापेक्षा क्रेन जास्त आठवतील आणि त्यात काही वावगं नाही.

पुलाचं दुसरं रूप पावसाच्या दिवसासाठी. वेरुदेला या जुन्या किल्ल्यात मत्स्यालय आहे; जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्रही त्याच्याशी जोडलेलं. पण पाऊस पडला की किनाऱ्यावरचे सगळेच पुलाकडे वळतात. पार्किंगसाठी तासभर फिरायचं नसेल तर दार उघडायच्या वेळेला पोचा, नाहीतर तो बेत सोडून गुहेकडे जा.

गुहा म्हणजे बारेदिने, पोरेचजवळ. पाच दालनं, साठेक मीटर खोल, आत वर्षभर चौदा अंशांच्या आसपास. वाटाड्याबरोबर चाळीस मिनिटांची फेरी. मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट हवेत. आत ऑल्म हा जलचर दाखवतात. फिकट गुलाबी, आंधळा, गुहेच्या पाण्यात राहणारा, याच दिनारिक डोंगरांच्या भूगर्भात आढळणारा. फ्लॅश मारू नये असं सांगतात, ते पाळा. तीनशेच्या घरात पायऱ्या आहेत, म्हणून बाबांनी उतरू नये. आवारातच जुन्या ट्रॅक्टरांचं संग्रहालय आहे, शेतीशी नातं असलेला माणूस तिथे आनंदाने रमतो. त्याच दिवशी पोरेचला जाऊन युफ्रेशियन बॅसिलिका बघता येते. सहाव्या शतकातली, सोनेरी मोझेइकची, 1997 पासून जागतिक वारसा यादीत. मुलांना वीस मिनिटं पुरे. आईंना मात्र बसू द्या, तिथली शांतता मोठी आहे.

रोविन्य गाव तर दारातच आहे. ते एकदा नव्हे, दोन-तीन संध्याकाळी करा. 1763 पर्यंत हे बेट होतं, मधली खाडी बुजवून ते जमिनीला जोडलं. टेकडीवर संत युफेमियाचं चर्च, व्हेनिसच्या मनोऱ्याच्या धर्तीवर बांधलेला साठ मीटरचा घंटाघर-मनोरा आणि त्याच्या टोकावर वाऱ्याबरोबर फिरणारी संतिणीची तांब्याची मूर्ती. तिथले कोळी तिच्याकडे बघून हवा ओळखतात. मुलांना रोज संध्याकाळी ती कुठे तोंड करून आहे ते बघायची सवय लावा, दुसऱ्या दिवशीचा बेत तिथूनच सुरू होतो. गल्ल्यांतले दगड शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेत आणि उतरताना पाय घसरतो. बाबांनी रबरी तळव्याचे बूट घालावेत आणि चर्चच्या चढाऐवजी बंदराच्या कडेने सपाट चालावं. बंदरावर बताना या सपाट तळाच्या पारंपरिक होडीचं छोटं संग्रहालय आहे. मला ते फार आवडतं. कोळ्यांच्या घरातल्या वस्तू, होडी बांधायची पद्धत आणि त्यांची गाणी यांची इतकी जिव्हाळ्याने केलेली मांडणी विरळाच. हर्णै-मुरूडची बंदरं पाहिलेल्या माणसाला ते लगेच भिडतं.

गावाच्या दक्षिणेला झ्लात्नी रत हे वनउद्यान. बारोन ह्युटेरोट यांनी लावलेले सीडर, सायप्रस आणि पाईन, मधून सायकलचा रस्ता, खाली खडकाळ किनारा. कॅम्पाच्या दिवशी संध्याकाळी सायकलने एवढं पुरतं.

मोतोवुन मी बुराच्या किंवा पावसानंतरच्या स्वच्छ दिवसासाठी ठेवायला सांगितलं. मिर्ना नदीच्या खोऱ्यावर 277 मीटर उंचीचं तटबंदीचं गाव. गाडी खाली लावून शटल बसने वर जा. तटावरून गावाला फेरी मारायची, खाली ओकचं जंगल. याच जंगलात ट्रफल मिळतात, म्हणजे जमिनीखाली वाढणारी सुवासिक भूछत्रं, कुत्र्यांना वासावर लावून शोधलेली. 1999 साली लिवादे गावच्या जानकार्लो झिगान्ते यांना दियाना या कुत्रीच्या मदतीने 1.31 किलोचं पांढरं ट्रफल सापडलं आणि त्या गावाचं नशीब पालटलं. पांढरं शरद ऋतूत मिळतं, तुम्ही जाल तेव्हा काळं. कुत्र्याबरोबर जंगलात नेणारी तासाभराची फेरी आधी ठरवून घेता येते, मुलांना ती गावापेक्षा जास्त आवडते. ट्रफल घातलेली फुझी ही इस्ट्रियाची पास्त्याची जात आईंना चालण्यासारखी आहे. फक्त पिठात अंडं आणि सॉसमध्ये मांसाचा रस्सा नाही ना, ते विचारा.

मुलीला सायकल आवडत असेल तर पारेन्झाना सुचवते. 1902 ते 1935 या काळात त्रिएस्तेहून पोरेचला जाणारी 123 किलोमीटरची अरुंद रेल्वे होती, तिचा मार्ग आता सायकलींसाठी आहे. ग्रोझ्न्यान या कलावंतांच्या गावापासून लिवादेपर्यंत उतारच उतार, वाटेत बोगदे आणि दरीवरचे पूल. खडीचा रस्ता आहे, बारीक टायरची सायकल चालणार नाही. बोगद्यांसाठी दिवा हवा. तुमच्यापैकी एकाने मुलीबरोबर उतरावं, दुसऱ्याने बाकीच्यांना घेऊन गाडीने लिवादेला पोचावं. सकाळी नऊच्या आत निघायचं.

कामेन्याक तुमच्या यादीत नाही, पण असायला हवं. इस्ट्रियाचं दक्षिण टोक, संरक्षित प्रदेश, पाण्याचा रंग डोळ्यांत साठवावा असा. गाडीसाठी तिकीट, आत धुळीचा रस्ता, सावली अगदी विरळ, जीवरक्षक नाहीत. आठला आत, बाराला बाहेर. उंच खडकांवरून उड्या मारणारी मोठी मुलं दिसतील, तिथे प्रवाह जोराचे असतात. अकरा वर्षांच्या मुलीला स्पष्ट नाही म्हणा. युगोच्या दिवशी तर जाऊच नका. धाकट्यासाठी परतीच्या वाटेवर मेदुलिनचा बियेत्सा किनारा आहे. या खडकाळ प्रदेशात वाळूचा आणि बराच आत जाईपर्यंत उथळ असलेला किनारा दुर्मीळ, तो इथे मिळतो.

डॉल्फिनची बोट घ्यायला हरकत नाही, पण मुलांना डॉल्फिन दिसतीलच असं वचन देऊ नका. सूर्यास्ताची फेरी म्हणून घ्या. त्यापेक्षा लिम खाडीची सकाळची फेरी मला जास्त पसंत. समुद्र वर चढून बुडालेली नदीची दरी आहे ती. दोन्ही बाजूंना जंगलाचे कडे, मध्ये हिरवं पाणी आणि कालवं व शिंपल्यांची शेती. बोटीवर जेवणाला भाजलेला बांगडा किंवा तारली असते, शाकाहारींसाठी आधी सांगितलं तरच काही करतात. तुम्ही खाणारे असाल तर खाडीच्या काठी ताजी कालवं चाखा, कोकणच्या कालवांहून चव निराळी.

या खाडीच्या तोंडाशी व्हर्सारजवळ एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. कोव्हेर्सादा हा 1961 पासूनचा प्रसिद्ध नग्नतावादी कॅम्प तिथे आहे आणि या किनाऱ्यावर असे आणखीही कॅम्प आणि खडकाळ कोपरे आहेत. एफकेके (नग्नतावादी किनाऱ्याची खूण) अशी पाटी दिसली की हद्द सुरू झाली असं समजा. तिथे कुणाला त्यात वावगं वाटत नाही, त्यांच्याकडे टक लावून बघणं किंवा फोटो काढणं हे मात्र फार वाईट. आई-बाबा सकाळी किनाऱ्याने फिरायला निघणार असतील तर आदल्या रात्री त्यांच्याबरोबर नकाशा बघून ठेवा, म्हणजे कुणालाच अवघडल्यासारखं होणार नाही.

व्हेनिस का नको? रोविन्यहून वेगवान बोट जाते, पण जाताना आणि येताना प्रत्येकी अडीच-तीन किंवा जास्त तास, आणि मधले तास नेमके भर दुपारचे. मूल आणि म्हातारं माणूस दोघांना तो दिवस शिक्षा होतो. प्लिट्विस अप्रतिम आहे, एकात एक उतरणारी सोळा तळी, 1979 पासून जागतिक वारसा. पण इस्ट्रियातून एका बाजूने तीन तास, लाकडी फळ्यांवरून तासन्तास चालणं, ठरलेल्या वेळेचं तिकीट, आणि पोहायला बंदी. मुलांना पाण्याकडे बघत उन्हात चालवायचं आणि उतरू द्यायचं नाही, हे मला पटत नाही. तिथे दोन रात्री राहून वेगळी सहल करा. वॉटरपार्क कॅम्पात समुद्र असताना लागत नाही. मुलांनी हट्टच धरला तर ढगाळ दिवशी जा.

कॅम्पातला दिवस रिकामा दिवस समजू नका. सगळ्यांना पाण्यातले रबरी बूट घ्या. खडकांवर काळे काटेरी सी-अर्चिन असतात. काटा मोडला तर चिमट्याने काढा, खोल रुतला असेल तर डॉक्टरकडे. मुलाला मास्क लावून कमरेएवढ्या पाण्यात सोडा, अर्चिन, खेकडे, लहान मासे यांच्यात तास निघून जातो. बघायचं, उचलून आणायचं नाही. पिन्ना नावाचा भला मोठा शिंपला इथे 2019 पासून रोगाने जवळजवळ नामशेष होत आला आहे, रिकामा दिसला तरी तिथेच राहू द्या. तरंगत्या खुणांच्या दोरीपलीकडे बोटी वेगाने जातात, त्या ओलांडायच्या नाहीत.

स्वयंपाकाचं एक सांगते. आधी कॅम्पाकडून जागेला किती अँपिअर मिळतात ते विचारा. दहा अँपिअर म्हणजे साधारण 2300 वॅट. इंडक्शन आणि किटली एकदम लावली की वीज गेली. तंबूच्या जागेसाठी निळं तीन पिनांचं कॅम्पिंग कनेक्टर आणि लांब केबल हवी. कुकर आणा, खिचडी-वरणाचा एक कुकर सकाळीच लावा. पाईनखाली उघडा विस्तव करू नका. उन्हाळ्यात वणव्याची भीती खरी आहे. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे. 2023 पासून क्रोएशियात दुकानांना वर्षातले सोळाच रविवार उघडायची परवानगी आहे, म्हणून शनिवारी भाजी भरा. पुलाची 1903 ची लोखंड-काचेची मंडई सकाळी बघण्यासारखी आहे. टोमॅटो, अंजीर, दोडक्यासारखी लांब झुकिनी मिळते. बाहेर आईंसाठी ब्लित्वा म्हणजे बटाटा घातलेली पालेभाजी, न्योकी म्हणजे बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे, आणि अंडं चालत असेल तर पालाचिंके म्हणजे पातळ धिरडी, हे ठरलेले पदार्थ. मानेश्त्रा ही डाळी-भाज्यांची आमटी दिसते शाकाहारी, पण तिच्यात बहुधा डुकराचं हाड शिजवलेलं असतं. ‘बेज मेसा’ एवढं सांगितलं तर समजतं, तरी हाडाचं वेगळं विचारा.

कागदपत्रांत एवढंच: क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आणि युरोमध्ये आहे, त्यामुळे आई-बाबांचा शेंगेन व्हिसा चालतो. तरी सीमेवर तपासणी होऊ शकते, सगळ्यांचे पासपोर्ट आणि तुमची जर्मन रहिवासी कार्डं हाताशी ठेवा. आई-बाबांचा प्रवास विमा क्रोएशियासाठी लागू आहे का बघा आणि त्यांच्या औषधांची यादी इंग्रजीत लिहून ठेवा. आपत्कालीन क्रमांक 112, समुद्रात मदतीसाठी 195.

परतीला शनिवार टाळा. तो पाहुण्यांच्या अदलाबदलीचा दिवस, तेव्हा स्लोव्हेनियाच्या बाजूपासून ऑस्ट्रियातल्या टाउअर्न बोगद्यापर्यंत गाड्यांच्या रांगा लागतात. कारावांकेन आणि टाउअर्न या बोगद्यांचा टोल ऑस्ट्रिया-स्लोव्हेनियाच्या विनेटपेक्षा, म्हणजे महामार्गाच्या पासपेक्षा, वेगळा भरावा लागतो. मोबाइल होम शुक्रवारी सोडता आलं तर उत्तम. तंबू आदल्या संध्याकाळीच उतरवा, कारण पहाटेचं दव वाळायला नऊ वाजतात आणि ओला तंबू गाडीत भरला की म्युनिकला पोचेपर्यंत वास येतो. शेवटची रात्र सगळे मोबाइल होममध्ये झोपा, सहाला निघा, आणि वाटेत पोस्तोयनाची गुहा घ्या. आत जाताना-येताना रेल्वे असते, 1872 पासूनची परंपरा. मधलं दीडेक किलोमीटर मात्र चालावं लागतं, तेव्हा बाबांना आधी सांगा, नाही जमलं तर बाहेर नदीकाठी कॉफी घेऊन बसता येईल. आत दहा अंश असतात. स्वेटर डिकीत सगळ्यात वर ठेवा.